एका बटणाचा वेग आणि धुळ्याची धावपट्टी

आजचा भाग घरी बांधलेल्या विमानातल्या एका बटणाबद्दल आहे. पण सुरुवात रस्त्यावरून करूया.

मी चौसाळ्याचा. आमच्याकडून सोलापूर-धुळे हायवे जातो. या रस्त्यावर बाईक चालवली असेल तर एक गोष्ट तुमच्या हातांना आधीच माहितीये. गावात २० च्या स्पीडला हँडल जेवढं वळवता, तेवढंच हायवेवर ८० ला वळवलंत तर थेट शेतात! विमानाचंही तसंच. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो.

विमानाचं नाक वर-खाली करते ती शेपटीवरची हलणारी फळी, म्हणजे एलिव्हेटर. वेग बदलला की पायलटला स्टिक सतत ओढून किंवा दाबून धरावी लागते. हात भरून येतात. म्हणून एलिव्हेटरच्या मागच्या कडेला एक छोटी पट्टी लावतात. ती थोडी वळवली की हवाच एलिव्हेटरला धरून ठेवते. हीच ट्रिम. जर्मन इंजिनिअर अँटन फ्लेटनर यांच्या नावावरून अशा पट्टीला आजही फ्लेटनर टॅब म्हणतात. पूर्वी ती चाक फिरवून हलवायचे, आता बऱ्याच छोट्या विमानांत १२ व्होल्टची मोटर आणि एक बटण असतं.

खरी गोची इथे आहे. मोटरचा वेग एकच. उतरताना तो बरोबर वाटतो, पण जोरात उडताना बटणाला नुसतं बोट लावलं तरी नाक उसळी मारतं. बरं, मोटर हळू केली तर? उतरता उतरता अचानक परत वर जायची वेळ आली, की ट्रिम रांगत बसते आणि पायलट स्टिकशी कुस्ती खेळतो.

मोटरला रेझिस्टर लावला तर तिची ताकदही जाते, म्हणून पूर्ण व्होल्टेज तुकड्यातुकड्यांत देतात. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. काही ठिकाणी दोन वेग ठेवतात. बोइंग ७३७ मध्येही फ्लॅप्स आत असताना ट्रिम हळू चालते आणि बाहेर असताना जलद.

त्याच ७३७ च्या मॅक्स मॉडेलमध्ये एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर ट्रिम स्वतःच फिरवायचं. आधी मर्यादा होती ०.६ अंशाची, ती पुढे २.५ केली. एका सेन्सरने चुकीचा आकडा दिला की ते पुन्हा पुन्हा नाक खाली दाबायचं. २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. मी कोड लिहून पोट भरतो. हा आकडा वाचल्यापासून 'फक्त एक व्हॅल्यू बदललीये' असं म्हणायला जीभ रेटत नाही.

मग बरोबर वेग ठरवायचा कसा? टेबलावर बसून ठरत नाही. उडा, बघा, उतरा, सेटिंग बदला, परत उडा. म्हणजे घरी बांधलेलं विमान जमिनीवर पूर्ण होतच नाही.

आता आपल्या अमोल यादवांकडे बघा. पेशाने पायलट. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा सीटचं विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये. ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्यात चाचणीचा पहिला टप्पा झाला. लॉकडाऊनमध्ये गावी बसून मी ती बातमी वाचली. आमच्याच हायवेच्या दुसऱ्या टोकाला मराठी माणसाचं विमान उडालं होतं!

प्रदर्शनापासून धुळ्यापर्यंत चार वर्षं गेली. आपण त्याला 'कागदपत्रांचा उशीर' म्हणून मोकळे होतो. पण इंजिन जमिनीवर चालवून बघता येतं, शेपटीचा हलका-जडपणा हवेतच कळतो. ती चार वर्षं म्हणजे न झालेल्या चाचण्या.

परवानगीच नको, असं मी म्हणत नाही. खाली लोकांची घरं असतात. अमेरिकेत घरगुती विमानाला आधी ठरलेल्या भागात, साधारण २५ ते ४० तास, प्रवासी न घेता उडवायला लावतात. धोका आखून दिलेला आणि शिकायचा रस्ता मोकळा.

पुढच्या वेळी आपल्याकडचा कुणी पोरगा गच्चीवर काही बांधायला लागला, तर 'हे उडणार का?' एवढंच विचारू नका. 'याला उडवून बघायला जागा कुठे मिळणार?' हेही विचारा. भेटूया पुढच्या भागात!