मेहेर बाबा समाधी, मेहेराबाद
अहिल्यानगर (अहमदनगर) शहराच्या दक्षिणेस, दौंड रस्त्यावरील अरणगावजवळच्या माळरानावर असलेले सर्वधर्मीय श्रद्धास्थान. पुण्यातील इराणी झरथुस्त्री कुटुंबात जन्मलेल्या मेहेर बाबांनी (1894–1969) लष्कराच्या जुन्या छावणीच्या जागी 1923 मध्ये येथे वास्तव्य सुरू केले. 1925 पासून त्यांनी आमरण मौन पाळले.

टेकडीवरील समाधी म्हणजे घुमटाची एक छोटी खोली. आकाराने दिपवील असे तिच्यात काही नाही. पाहावे ते छतावर. घुमटाभोवती चार कोपऱ्यांवर मंदिर, मशीद, क्रूस आणि अग्निपात्र अशी चार धर्मांची चिन्हे आहेत. आतल्या भिंती व घुमट स्विस चित्रकार हेलन डाम यांनी 1938 मध्ये रंगवले.

दिल्लीचे बहाई कमळ मंदिर (1986) हाच सर्वधर्मीय विचार नेमका उलट्या रीतीने मांडते: 27 संगमरवरी पाकळ्या, नऊ दारे, आणि आत मूर्ती वा चित्र काहीच नाही. तिथे सारी चिन्हे वगळली आहेत, इथे ती शेजारी शेजारी मांडली आहेत. दिल्लीत मान वर करून पाहत राहावे लागते. इथे उंबऱ्याशी वाकून फुले वाहायची.

31 जानेवारीला, बाबांच्या पुण्यतिथीस म्हणजेच अमरतिथीस, देशविदेशातील भाविक येथे जमतात आणि दुपारी पंधरा मिनिटे मौन पाळतात.