सारख्या बोटी राखणारी माणसं

जत्रेतल्या कुस्त्यांमध्ये पैलवानाइतकंच अवघड काम जोड लावणाऱ्याचं असतं. फडाच्या कडेला उभा असलेला जाणता माणूस दोन पोरांकडे बघतो, खांदे बघतो, मान बघतो आणि ठरवतो, यांची लागू शकते. त्याचा अंदाज चुकला तर कुस्ती दोन मिनिटांत संपते आणि हरलेल्याचे पाहुणे फडातच भांडायला उठतात. वजनकाटा आला तेव्हा भांडण थांबलं नाही, फक्त काट्यापाशी सरकलं.

मी तेरखेड्याचा. धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव फटाक्यांसाठी ओळखलं जातं, पाण्यासाठी नाही. शिडाच्या बोटींशी आमचा सात पिढ्यांचा संबंध नाही. तरी या बोटींच्या शर्यतींचा इतिहास मी वाचत गेलो, कारण जोड लावायचा प्रश्न तिथे वेगळ्या रीतीने सोडवलेला दिसला. बोटीच हुबेहूब सारख्या करायच्या, म्हणजे उरलेला फरक माणसाचा. याला ‘वन-डिझाइन’ म्हणतात, एकाच साच्याच्या बोटी. अशा बोटींच्या गटाला ‘क्लास’ म्हणतात आणि तो गट सांभाळणाऱ्या संघटनेला ‘क्लास असोसिएशन’.

एकोणिसाव्या शतकात शिडाच्या बोटींची शर्यत म्हणजे पैशाची शर्यत होती. ज्याची बोट लांब आणि शीड मोठं, तो पुढे. त्यावर उपाय म्हणून वेळेची सूट देत. मोठी बोट आधी पोचली तरी हिशेब करून लहान बोटीला विजेती ठरवता यायचं. पण असा हिशेब आला की त्यातल्या फटी शोधणारेही येतात. श्रीमंत मालक नव्या सूत्रात बसेल अशी नवी बोट बांधून घ्यायचा आणि मागच्या वर्षीची चांगली बोट भंगार व्हायची.

१८८६ मध्ये आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या एका क्लबात थॉमस मिडलटन यांनी सुचवलं, की सगळ्यांनी एकाच आराखड्याची बोट बांधावी. पुढच्याच वर्षी ‘वॉटर वॅग’ नावाच्या तेरा फुटी बोटींचा क्लास सुरू झाला. जगातला पहिला वन-डिझाइन क्लास म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. पण १९०० च्या सुमाराला सभासदांना आणखी चांगली बोट हवीशी वाटली. आता काय करायचं? प्रत्येकाने आपापली सुधारणा केली तर साचा मोडणार. साचा कधीच बदलायचा नाही म्हटलं तर लोक दुसरीकडे जाणार. शेवटी सगळ्या क्लासने मिळून नवा आराखडा घेतला, १४ फूट ३ इंचांचा. तो काढला होता मेमी डॉयल या तरुणीने, एका बोट बांधणाऱ्याच्या मुलीने. त्या आराखड्याच्या बोटी डब्लिनजवळ आजही शर्यतीला उतरतात.

बदल करायचा असेल तर सगळ्यांनी मिळून, नाहीतर कुणीच नाही. क्लास असोसिएशनचं पुढचं सगळं काम या वाक्यात येतं. ते काम ऐकायला अगदी कंटाळवाणं आहे. नियमांचं पुस्तक ठेवायचं. प्रत्येक बोटीला क्रमांक द्यायचा. कुणाला बोट बांधायची परवानगी द्यायची ते ठरवायचं. स्पर्धेआधी मापक नेमायचा. तो टेप, काटा आणि साचे घेऊन शीड मोजतो, सुकाणू मोजतो, बोटीचं वजन करतो. अमेरिकेत १९११ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार’ क्लासने १९२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली आणि अशा कामाची घडी बसवली. दहा वर्षांनी ती बोट ऑलिंपिकमध्ये होती.

आपल्याकडे या खेळाचं जुनं केंद्र मुंबई. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा, आणि गेटवेसमोरच्या पाण्यात ‘सीबर्ड’ या एकाच साच्याच्या बोटी अनेक दशकं धावल्या. पण खेळ साहेबांच्या हातून बाहेर आला तो स्वस्त, लहान बोटींमुळे. जॅक होल्ट या इंग्रज आराखडाकाराने १९५६ मध्ये प्लायवूडची ‘एंटरप्राइज’ काढली, चार मीटरची, दोघांनी चालवायची. ती भारतात रुजली. भारतीय यॉटिंग संघटना १९६० ची. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत शिडाच्या बोटींच्या शर्यती मुंबईत झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ क्लासमध्ये सुवर्ण जिंकलं. नव्वदच्या दशकात नौदलाचे होमी मोतीवाला आणि पुष्पेंद्रकुमार गर्ग यांना खेलरत्न मिळालं. खेलरत्न मिळालेल्या अगदी सुरुवातीच्या खेळाडूंमध्ये ते येतात.

पावसाळ्यात मुंबईचा समुद्र बंद होतो. तेव्हा शर्यती हैदराबादला जातात, हुसेनसागरात. तिथल्या ‘हैदराबाद सेलिंग वीक’च्या आयोजनात लष्कराच्या ईएमई सेलिंग असोसिएशनबरोबर लेझर बोटीची भारतातली क्लास असोसिएशनही असते. १९४८ पर्यंत आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तेरखेड्यासाठी राजधानी हैदराबाद होती, मुंबई नव्हती. कोर्टकचेरीसाठी हैदराबादची वाट धरणाऱ्या मुलखातल्या माणसाला हा खेळ बघायला त्याच वाटेने जावं लागतं, याची मला गंमत वाटते.

ही ‘लेझर’ म्हणजे वन-डिझाइन कल्पनेचं सर्वांत यशस्वी मूल. कॅनडाच्या ब्रूस कर्बी यांनी १९६९ मध्ये फोनवर बोलता बोलता तिचं कच्चं चित्र काढलं. एका माणसाची बोट, एकच शीड. आजवर दोन लाखांहून जास्त बनल्या. तिच्या नियमांचं मूळ सूत्र असं, की जे स्पष्टपणे चालेल म्हटलेलं नाही, ते चालणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला हे लगेच कळतं. काय काय अडवायचं याची यादी केली तर ती कधीच पुरी होत नाही. काय चालेल याची यादी छोटी ठेवता येते. ऑलिंपिकमध्ये तर या क्लासच्या खेळाडूला स्वतःची बोट आणताच येत नाही. आयोजक बोटी देतात आणि कुणाला कुठली, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं.

पण बोट सारखी ठेवायची तर ती बनवणाराही मुठीत राहायला हवा. इथे २०१९ मध्ये ठिणगी पडली. कारखान्याची तपासणी करू देत नाही, असं म्हणत आंतरराष्ट्रीय असोसिएशनने लेझरपरफॉर्मन्स या मोठ्या उत्पादकाची मान्यता काढली. अडचण अशी, की जगाच्या बऱ्याच भागात ‘लेझर’ या नावावरचा हक्क त्याच बाजूकडे होता. त्यामुळे असोसिएशनला आपल्याच बोटीचं नाव बदलावं लागलं. आज तीच बोट ‘आयएलसीए’ नावाने धावते. जवळपास पन्नास वर्षांचं नाव गेलं, साचा वाचला. मला यात असोसिएशनचा खरा कस दिसतो. नाव सोडलं तर शर्यत उरते. तपासणी सोडली तर फक्त नाव उरतं.

मग सारखी बोट म्हणजे सारखी संधी का? दहावीचा पेपर राज्यभर एकच असतो. म्हणून तेरखेड्यातल्या पोराची आणि लातूरच्या शिकवणीत बसलेल्या पोराची तयारी सारखी होत नाही. बोटीचंही तसंच. पाण्यावर किती तास काढले यावर सगळं ठरतं आणि ते तास विकत घ्यावे लागतात. भारतातले शिडाच्या बोटींचे बरेचसे मोठे खेळाडू लष्कर-नौदलातून येतात ते यामुळेच. टोकियो ऑलिंपिक आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत उतरलेले विष्णू सरवनन लष्करातलेच. हांगझोऊत २०२३ मध्ये आयएलसीए-४ मध्ये रौप्य जिंकणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवासच्या शेतकरी घरातली. समुद्रापासून शेकडो मैलांवरची ही मुलगी भोपाळच्या सेलिंग स्कूलमध्ये, तलावावर शिकली.

पण तिच्या यशात साच्याचाही वाटा आहेच. भोपाळच्या तलावावरची बोट आणि हांगझोऊच्या समुद्रातली बोट एकच होती. शिकलेलं जसंच्या तसं तिथे नेता आलं. या क्लासमध्ये बोटीचा मूळ सांगाडा तोच ठेवून फक्त शीड आणि डोलकाठीचा खालचा भाग बदलतात: थोरल्यांना ७.०६ चौरस मीटरचं शीड, हलक्या पोरांना ४.७ चं. म्हणजे एखाद्या सरकारी शाळेने एकदा घेतलेली बोट वेगवेगळ्या वयाच्या मुलांच्या कामी येते. आणि दुसऱ्या कुणाकडे जास्त पैसे आले, म्हणून ती बोट रातोरात जुनी ठरत नाही. गरिबाच्या पोराला क्लास असोसिएशन एवढंच देऊ शकते. तलाव, शिक्षक आणि वर्षानुवर्षांची सवड बाकीच्यांनी द्यायची असते.

हे काम करणाऱ्यांची नावं पदकाच्या बातमीत नसतात. ते बहुतेक स्वतः खेळणारे किंवा खेळून थांबलेले लोक. कारकुनी करतात, मतदान घेतात, कारखान्याशी भांडतात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी काठावर शिडं पसरलेली असतात आणि मापक वाकून एकेका शिडाची कड मोजत पुढे सरकत असतो. गेल्या वर्षीचा विजेताही तिथे आपलं शीड घेऊन रांगेत उभा असतो.