मेंदूला हादरा (कन्कशन) : रुग्ण व वैद्यकीय प्रबोधन, नवी मुंबई

डोक्यावर, चेहऱ्यावर, मानेवर किंवा अंगावर बसलेल्या आघाताचा जोर मेंदूपर्यंत पोचून त्याचे कार्य काही काळ बिघडते, त्या अवस्थेला कन्कशन म्हणतात. सौम्य मेंदू-आघाताचा हा प्रकार आहे. डोकेदुखी, गरगरणे, मळमळ, उजेड व आवाज सहन न होणे, घटनेच्या आगेमागचे न आठवणे, चिडचिड आणि झोपेत बिघाड ही त्याची प्रमुख लक्षणे. शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. बहुतेकांची हरपत नाही. त्यामुळेच मुका मार समजून तो अंगावर काढला जातो.

निदान : शुद्धीची पातळी ग्लासगो कोमा स्केलवर मोजतात. टीसडेल व जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या मापनात ३ ते १५ गुण असतात. १३ ते १५ गुणांचा आघात सौम्य धरतात. सीटी स्कॅन रक्तस्राव व कवटीचा तडा शोधण्यासाठी असतो. कन्कशनमध्ये तो बहुधा नॉर्मलच येतो. ‘सीटी नॉर्मल’ या दोन शब्दांवर रुग्ण व नातेवाईक निर्धास्त होतात आणि पुढच्या आठवड्यात रुग्णाला हिशेब जमेना, स्क्रीनकडे बघवेना, की घरात कोणालाच उलगडा होत नाही. कॅज्युअल्टीतील डॉक्टरांच्या प्रशिक्षणात हे समजावून सांगण्याच्या कामाला स्कॅन वाचण्याइतकेच महत्त्व असायला हवे.

क्रीडाक्षेत्र : या दुखापतीची सर्वांत शिस्तबद्ध नियमावली खेळात तयार झाली. २००१ मध्ये व्हिएन्ना येथे पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ऑक्टोबर २०२२ मधील ॲमस्टरडॅम परिषदेचे सहमतीपत्र २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार शंका आली तरी खेळाडूला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवत नाहीत. संपूर्ण अंधाऱ्या खोलीतील विश्रांतीचा जुना सल्ला मागे पडला आहे. पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, मग हलके चालणे आणि त्यानंतर सहा पायऱ्यांनी खेळात परत येणे, असा क्रम आता मानतात. प्रत्येक पायरीला किमान २४ तास द्यावे लागतात. मैदानावरील सामान्य माणसासाठी सीआरटी-६ हे पत्रक आणि डॉक्टरांसाठी स्कॅट-६ ही चाचणी आहे. घटनेनंतरच्या पहिल्या ७२ तासांत ती सर्वांत उपयोगी पडते.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कन्कशनमुळे बदली खेळाडू घेण्याची मुभा १ ऑगस्ट २०१९ पासून आली. त्याच महिन्यात लॉर्ड्‌सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. ४ डिसेंबर २०२० रोजी कॅनबेरात रवींद्र जडेजाच्या जागी आलेल्या युजवेंद्र चहलने तीन बळी घेतले. महाराष्ट्रातील ठळक प्रसंग ३१ जानेवारी २०२५ चा. पुण्याजवळ गहुंजे येथे इंग्लंडविरुद्धच्या टी-ट्वेंटीत मुंबईकर शिवम दुबेच्या हेल्मेटवर अखेरच्या षटकात चेंडू आदळला. त्याच्या जागी आलेल्या हर्षित राणानेही तीन बळी घेतले. हा बदल समतुल्य होता का, यावर मतभेद झाले. मात्र चर्चा गोलंदाजीभोवती फिरली आणि आघातानंतर खेळाडूला बाहेर ठेवले गेले, ही खरी मोलाची गोष्ट मागे पडली. २०२५ पासून कन्कशन झालेल्या खेळाडूला किमान सात दिवस विश्रांती बंधनकारक आहे. नरी कॉन्ट्रॅक्टर (१९६२), रमण लांबा (१९९८) व फिलिप ह्यूज (२०१४) यांच्या दुखापती बऱ्याचदा याच संदर्भात सांगितल्या जातात, पण त्या कन्कशनहून कितीतरी गंभीर होत्या.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ मध्ये १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे सामने व २ नोव्हेंबर २०२५ रोजी महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. अशा सामन्यांत सीमारेषेपाशी डॉक्टर उभा असतो. शाळेच्या मैदानावर ते काम शिक्षकाला किंवा प्रशिक्षकाला करावे लागते. सीआरटी-६ मराठीत त्यांच्या हाती असणे निकडीचे आहे.

रस्ते : पाम बीच रोड, ठाणे-बेलापूर रस्ता व सायन-पनवेल महामार्ग हे शहरातील वेगवान रस्ते. हेल्मेट कवटी वाचवते. मेंदूचे हादरणे ते पूर्णपणे थांबवत नाही. जखमीला मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ अन्वये संरक्षण आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. ५ मे २०२५ च्या केंद्रीय योजनेत ठरावीक रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे रोकडरहित उपचार मिळतात. कन्कशनचा त्रास मात्र अनेकदा सात दिवसांपलीकडे जातो, आणि तेव्हा रुग्णाला विचारपूस करणारे कोणी लागते.

घरी पाठवताना : महापालिकेची रुग्णालये वाशी, नेरूळ व ऐरोली येथे आहेत, खासगी रुग्णालयेही बरीच आहेत. डिस्चार्ज कार्डासोबत मराठी व हिंदीत छापील सूचना देणे हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. पुन्हापुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, आकडी, असंबद्ध बोलणे, हातापायातली ताकद जाणे, नाकाकानातून पाणी येणे किंवा जागे करूनही न उठणे, यांपैकी काहीही दिसल्यास ताबडतोब परत आणावे. पहिला दिवस रुग्णाला एकटे ठेवू नये. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलेल्याला झोपू द्यावे. रात्रभर जागे ठेवण्याची गरज नाही. दारू व गाडी चालवणे टाळावे. वृद्ध आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांच्याबाबत स्कॅनचा निर्णय लवकर घ्यावा. बहुतेक प्रौढ दोनएक आठवड्यांत बरे होतात, मुलांना महिनाभर लागू शकतो. मुलांनी आधी अभ्यासात रुळावे, मग स्पर्धेत उतरावे.

दहीहंडी : थरांवरून पडणाऱ्या गोविंदांच्या डोक्याला मार लागण्याचा धोका मोठा असतो. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांची उंची व १८ वर्षांची वयोमर्यादा घातली. २०१७ मध्ये वयोमर्यादा १४ वर आली. पडून उठलेल्या गोविंदाला त्याच दिवशी पुन्हा थरावर चढवू नये, हा नियम प्रत्येक पथकाने पाळावा.

मानसिक आधार : टेली-मानस, १४४१६ (२०२२ पासून).

पुनर्वसन : हाजी अली, मुंबई येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था.