दगड तोच होता

आमच्या घरात काळाचे दोनच भाग होते : भूकंपाआधीचा आणि भूकंपानंतरचा. "तुझा बाप भूकंपाआधी सात महिन्यांचा," असं आजी म्हणायची आणि सगळ्यांना हिशोब लागायचा. तारीख ११ डिसेंबर १९६७, सोमवार. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं.

आजोबा गवंडी. कोयना धरणाच्या कामावर आले आणि बिऱ्हाड करून तिथेच राहिले. सह्याद्रीच्या कुशीतल्या त्या कामगारवस्तीला ते शेवटपर्यंत 'कँप'च म्हणत.

"भुई काय येकदम हालली न्हाई," आजी सांगायची. "चार-पाच वरसं गुरगुरत हुती." १९६२ च्या सुमारास धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी चढू लागलं आणि खोऱ्यात बारीक धक्के सुरू झाले. दगडी वाटेवरून बैलगाडी जावी तसा जमिनीच्या पोटात आवाज व्हायचा, मांडणीवरची भांडी वाजायची, की पुन्हा सगळं गप्प. धक्के मोजायला यंत्रं बसली. १३ सप्टेंबर १९६७ ला मोठा हादरा आला, तेव्हा बाया पोरं काखेला मारून अंगणात धावल्या. पण पाऊस सरला, भातं कापून झाली, माणसं पुन्हा आत निजू लागली. दख्खनचा काळा कातळ हलत नाही, असं शिकलेले लोकही मानत होते.

त्या पहाटे मार्गशीर्षातली थंडी होती. दारं घट्ट लावलेली. बाबा भुकेनं रडू लागले म्हणून आजी उठली होती. आधी तो आवाज आला, मग भुईनं तिला उचलून दाराशी आपटलं. कडी कशी निघाली, ते तिला कधीच सांगता आलं नाही. आजोबा मागून सरपटत बाहेर पडले आणि भिंत आत कोसळली. शेजारच्या खोलीतली मायलेकरं राहिली ती राहिलीच. ज्या खोऱ्याची वीज मुंबईपर्यंत जायची, तिथे माणसं हाताला लागेल तो दगड अंधारात उचलत होती. उजाडेपर्यंत आजीनं बाबांना छातीवरून खाली ठेवलं नाही.

भूकंप साडेसहा रिश्टरच्या आसपासचा. सुमारे १८० माणसं गेली, दोन हजारांच्या घरात जखमी झाली. कोयनानगरातली बहुतेक घरं बसली.

उजाडल्यावर ज्याची त्याची नजर धरणाकडे. १०३ मीटर उंचीची ती भिंत गेली असती तर खाली कराडपर्यंत काय उरलं असतं? भिंतीच्या वरच्या भागात, जिथे तिचा उतार बदलतो, तिथे तडे गेले होते. पण ती उभी होती. पुढे तिला मागून आधाराचं भक्कम बांधकाम देण्यात आलं.

आजोबा इथवर आले की थांबायचे. मग म्हणायचे, "दगड त्योच. ह्याच डोंगरातला. धरणात शिमिटानं बांधला, तडकला पर उभा ऱ्हायला. आमच्या डोक्यावर मातीत बसवला, त्यो पडला." दोन्ही अंगांना दगड रचायचे, मधे खडी-माती भरायची आणि वर जड छप्पर : अशी भिंत हादऱ्यानं मधोमध उकलते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी ढिगारे उपसताना पाहिलं होतं.

जलाशयाच्या पाण्यानं चाळवलेला भूकंप म्हणून कोयनेचं उदाहरण आज जगभर अभ्यासलं जातं. खोऱ्यातल्या गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल विवर खणून शास्त्रज्ञांनी कातळाची नाडी तपासली आहे. खोऱ्यात लहान धक्के अजूनही येतात, आणि माणसं अजूनही कूस बदलून झोपतात.

आजीनं आम्हाला भिंतीला डोकं लावून कधी निजू दिलं नाही. आजोबांनी नंतर बांधलेल्या प्रत्येक घरात दाराच्या वर सगळ्या भिंतींना कवेत घेणारा काँक्रीटचा पट्टा घातला आणि थोड्या थोड्या अंतरावर भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधणारा आरपार दगड बसवला. खर्च वाढतो म्हणून कुणी कुरकुरलं, तर ते काम सोडून निघून यायचे. तुमचं गावाकडचं घर दगडमातीचं असेल, तर या उन्हाळ्यात जाल तेव्हा एकदा त्या भिंती नीट पाहा, आणि जाणत्या गवंड्यालाही दाखवा.