तबकडीवर ज्याचा आवाज नसतो, तो माणूस

१/ ध्वनिमुद्रिका कोणाची? गाणाऱ्याची, असे आपण सहज म्हणतो. परंतु काय गायचे, किती वेळ गायचे, साथीला कोणती वाद्ये घ्यायची, हे ठरवण्यात आणखी एकाचा वाटा असतो. तो म्हणजे निर्माता. मुंबईतील एका ध्वनिमुद्रिकेतून आणि बीड जिल्ह्यातील एका ध्वनिमुद्रणातून त्याच्या कामाचा हा मागोवा.

२/ आरंभीच्या काळात यंत्राचीच हुकमत चाले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला तेवढ्यात बंदिश आटोपावी लागे. मराठी भावगीताला मात्र ही मर्यादा मानवली. मोजक्या कडव्यांचे गीत त्या वेळेत नेमके बसे.

३/ भावगीताच्या पहिल्या पिढीतील एक गायक म्हणजे जी. एन. जोशी. शिक्षणाने ते वकील. ना. घ. देशपांडे यांच्या ‘रानारानात गेली बाई शीळ’ या गीताने त्यांना कीर्ती मिळाली. पुढे ते एचएमव्ही कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले. ध्वनिक्षेपकासमोरचा गायक आता काचेपलीकडे बसू लागला.

४/ मग लाँगप्ले आली आणि एका बाजूवर वीसेक मिनिटे मिळू लागली. १९६० साली एचएमव्हीने उस्ताद अमीर खाँ यांचे मारवा आणि दरबारी हे राग लाँगप्लेवर आणले. अतिविलंबित लयीत एकेक स्वर उलगडणारी त्यांची गायकी तीन मिनिटांत मावणारी नव्हतीच.

५/ १९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ निघाली. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा, निर्माते जी. एन. जोशी. विषय होता काश्मीरच्या खोऱ्यातील मेंढपाळाचा एक दिवस. पहाटेच्या अहीर भैरवापासून पहाडीपर्यंत रागांचा क्रम त्या कथेने बांधला गेला.

६/ त्याच वर्षी लंडनमध्ये बीटल्सची ‘सार्जंट पेपर’ प्रसिद्ध झाली. तिचे निर्माते जॉर्ज मार्टिन. १९६५ साली ‘यस्टर्डे’ला तंतुवाद्यांच्या चौकडीची साथ द्यावी, ही सूचना त्यांचीच. या तबकड्या काढणाऱ्या दोन्ही कंपन्या ईएमआय या एकाच समूहातल्या होत्या.

७/ निर्मात्याच्या या अधिकाराला दुसरी बाजूही आहे. कोणाला ध्वनिक्षेपकासमोर उभे करायचे, हे ठरताना कोणाला वगळायचे हेही ठरते. कंपनीला खपाचा हिशेब पाहावा लागे. पहाटे जात्यावर ओव्या गाणाऱ्या असंख्य स्त्रिया त्या हिशेबात कधी बसल्याच नाहीत.

८/ गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्या जमवण्याचे काम उभारले. गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. पुढे संगीत-संशोधक बर्नार्ड बेल ध्वनिमुद्रणासाठी या कामात सामील झाले. १९९६ साली बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीत स्त्रियांनी गायलेल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या मुद्रित झाल्या.

९/ येथे खपाचा हिशेब नव्हता. संग्रहात ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदले गेले. तरीही निवड टळली नाही. लाखाहून अधिक ओव्यांपैकी आवाज उरला तो काही हजारांचाच. बाकीच्यांचे शब्द कागदावर आहेत. त्या गाणाऱ्या बाईचा गळा नाही.

१०/ म्हणून ध्वनिमुद्रिका हे इतिहासाचे साधन असले, तरी ते कोणीतरी निवडून, कापून, क्रम लावून आपल्या हाती दिलेले असते. बखर वाचताना ती कोणी आणि कोणासाठी लिहिली हे आपण विचारतो. तबकडी ऐकतानाही तोच प्रश्न विचारावा. वेष्टनाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले नाव वाचले, की उत्तराला सुरुवात होते.