तळटीप : गळकी झडप आणि हृदयाचे ध्वनिचित्रण

१. स्वीडनमधील लुंड येथे १९५३ साली एडलर व हर्ट्झ या उभयतांनी, धातूतील भेगा हुडकण्याचे यंत्र छातीस लावून, हृदयाच्या हालचालीचे जे आलेखन केले, त्यातून ग्रंथकाराने ओझरती उल्लेखिलेली ही श्राव्यातीत ध्वनीची परीक्षा उदयास आली. मात्र द्विदल झडप गळकी असता दर ठोक्यास डाव्या निलयातील पुष्कळसे रक्त उलट अलिंदात परतत असल्यामुळे, स्नायू थकला तरी या परीक्षेत दिसणारे उत्क्षेपाचे प्रमाण (निलयातील रक्तापैकी दर ठोक्यास बाहेर फेकला जाणारा हिस्सा) निरोगीच भासते; सबब एरवी समाधानकारक गणला जाणारा ६० टक्क्यांचा आकडा येथे धोक्याची सूचना होय, आणि ती नजरेआड करून दिलेला निर्वाळा रुग्णाच्या जिवावर बेततो. गळती तीव्र असून आकुंचनांती निलयाचा व्यास ४० मिलिमीटरांस पोचला असेल, तर रुग्णाची काही तक्रार नसली तरी शस्त्रक्रियेचा विचार तहकूब ठेवू नये. — संपादक