तळटीप : बरड
बरड : दख्खनच्या पठारावर टेकडीच्या माथ्याकडे आढळणारी उथळ, मुरमाड जमीन. खाली खडक बहुतेक सर्वत्र बेसाल्टच असतो. मात्र पावसाचे पाणी माती खाली वाहून नेते, त्यामुळे उतारागणिक जमिनीची खोली व पोत बदलतो. माथ्यावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. तेथे कुसळी गवत, फार तर हुलगा किंवा मटकी. मधल्या उतारावरील मध्यम जमिनीत बाजरी, तूर येते. सखल भागात नदी-ओढ्यांलगत मीटरभर किंवा अधिक खोल काळी चिकण माती साठते. ती ओल धरून ठेवते, म्हणून पाऊस सरल्यावर पेरलेली रब्बी ज्वारी व हरभरा त्या ओलीवर निघतात. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. निचरा मंद असल्याने कालव्याचे पाणी बेसुमार दिल्यास ती खारवट-चोपण होते.